कानडी समजणारे उंदीर

गुरप्पा मास्तरांनी उंदरांना धमकी दिली ती कानडीतून दिली, आणि इथंच सगळं बिघडलं.

मराठीतून दिली असती तर काहीएक झालं नसतं, असं त्यांच्या आईचं, चंद्रव्वाचं, ठाम मत होतं. वळसंगच्या त्या घरात पाच पिढ्या कानडी नांदत होती. माणसं कानडीत बोलत, म्हशीला हाक कानडीत जाई, देवाजवळचं गाऱ्हाणंही कानडीतच घातलं जाई. तिथले उंदीर त्याच बोलीत लहानाचे मोठे झालेले. त्यांच्याविषयी काही वाकडं बोलायचं असेल तर माणसानं अंगणात जाऊन बोलावं, नाहीतर नाव न घेता बोलावं, अगदीच राहवलं नाही तर मराठीत बोलावं. घरात बसून, त्यांच्या कानावर जाईल अशा बेतानं 'औषध आणतो' म्हणू नये, एवढं वळसंगातलं शेंबडं पोरही जाणतं. मास्तर तर ट्रेनिंग झालेले होते.

झालं ते असं. बहात्तरच्या दुष्काळात गावातले उंदीरही कुठंतरी परागंदा झाले होते. रेशनवरच्या अमेरिकन मिलोच्या दाण्याला त्यांनी तोंड लावलं नाही, आणि माणसांनाही तो नाइलाजानंच खावा लागत असल्यामुळं त्याबद्दल उंदरांना कुणी दोष दिला नाही. पुढं चौऱ्याहत्तरच्या फाल्गुनात घरात पहिल्यांदा धड ज्वारी आली. आतली खोली पोत्यांनी भरली, कणगी गळ्यापर्यंत भरली, आणि एकेकटे गेलेले उंदीर लेकुरवाळे होऊन परत आले. मंगळवारी संध्याकाळी मास्तर जेवायला बसले असताना त्यातला एक ताटाजवळून गेला. नुसता गेला असता तरी मास्तरांनी सोडून दिलं असतं. जाताना तो शेंगाचटणीत पाय देऊन गेला आणि तेच पाय घेऊन शेजारी ठेवलेल्या चौथीच्या उत्तरपत्रिकांवरून फिरला. मास्तर हातातल्या भाकरीसकट उठले आणि खोलीच्या मधोमध उभं राहून त्यांनी कानडीत जाहीर केलं, की उद्याच्या उद्या सोलापूरहून औषध आणतो आणि तुमचा वंश बुडवतो. त्याच्यापुढं त्यांनी वडिलांकडून आलेले तीन शब्द जोडले. ते इथं देता येत नाहीत.

चंद्रव्वानं तोंडावर हात ठेवला. "हळू, लेकरा, हळू," ती म्हणाली.

सकाळी तिचं इरकल फाटलेलं निघालं. हिरवं इरकल, लाल पदराचं, तिच्या आईनं दिलेलं. चाळीस वर्षं लग्नाकार्याला ती तेवढंच नेसत आली होती. त्याच खोलीत, त्याच दांडीवर, त्याच गाठोड्यात ते इतकी वर्षं राहिलं, आणि आजवर एकाही उंदरानं त्याच्याकडं मान वर करून पाहिलं नव्हतं. आता नेमका पदर कुरतडलेला होता. बाकी लुगड्याला दात लागला नव्हता.

चंद्रव्वा थोडा वेळ रडली आणि मग संतापली. तिचं बोलणं कानडीतच असायचं. इथं ते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी मराठीत दिलं आहे, पण त्यातला निम्मा तिखटपणा वाटेत सांडलेला आहे हे ध्यानात ठेवावं.

"मी त्यांना कधी वाईट बोलले नाही, त्यांनी माझ्या लुगड्याला तोंड लावलं नाही," ती म्हणाली. "तू बोललास. आता तूच माफी माग. त्या कणगीपुढं बस, आणि मोठ्यानं माग. कानडीत."

मास्तरांची अठरा वर्षं नोकरी झालेली. गेल्याच पंधरा ऑगस्टला त्यांनी झेंड्याखाली उभं राहून अंधश्रद्धेवर पाऊण तास भाषण केलं होतं, आणि त्यात दोन मुलं उन्हानं खाली बसली तरी ते थांबले नव्हते. ते म्हणाले, "अव्वा, उंदरांना भाषा कळत नाही."

हे त्यांनी मराठीत सांगितलं. कारण मुलं पुढं जायची तर घरात शुद्ध मराठी पाहिजे, असा नियम त्यांनी स्वतःच पंधरा वर्षांपूर्वी काढला होता. बायको नीलम्मानं तो पाळला. चंद्रव्वानं पाळला नाही. तिला मराठी कळायची, पण तोंडातून मराठीचा एक शब्द कधी निघाला नाही. तिला येतच नसेल असं सगळे धरून चालले होते. तेव्हापासून मायलेकांचं बोलणं असंच चालायचं, हा मराठीत विचारायचा, ती कानडीत उत्तर द्यायची. मास्तरांच्या तोंडी कानडी यायची ती फक्त राग आल्यावर.

"तुला तरी कुठं कळते," चंद्रव्वा म्हणाली, आणि गाठोडं काखेला मारून समोरच्या मडिवाळप्पाच्या ओसरीवर जाऊन बसली.

मडिवाळप्पाचं किराणा दुकान होतं. गावातलं सगळं मीठ आणि सगळ्या बातम्या त्याच्याकडूनच जात. दुपारपर्यंत गावाला कळलं की मास्तरांनी आईला घराबाहेर काढलं. संध्याकाळी शिंप्याच्या दुकानात असं ठरलं की काढताना तिचं लुगडंही फाडलं. आणि दिवेलागणीला अक्कलकोटच्या एसटीचा कंडक्टर मास्तरांच्या धाकट्या भावाचा, चन्नप्पाचा, निरोप घेऊन आला: सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो, अव्वाला तुम्हाला सांभाळायचं होत नसेल तर मी घेऊन जातो.

मास्तर ओट्यावर बसून राहिले. सोमवारी सगळ्या स्टँडासमोर अव्वा गाठोडं घेऊन गाडीत चढली, तर वळसंगात तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. शाळेत सुविचार लिहायचा फळा त्यांच्याकडं होता. त्यावर आईविषयी काही लिहिणं तर कायमचंच बंद झालं असतं. पण खरी गोष्ट ही नव्हती. खरी गोष्ट अशी की ते घर त्यांना एका दिवसात परकं वाटायला लागलं होतं. बेचाळीस वर्षांच्या माणसाला 'गुऱ्या' म्हणणारं त्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी मनाशी ठरवलं. माफी मागायची नाही. पण सोमवारच्या आत घरात एक उंदीर ठेवायचा नाही. मग अव्वाला परत यायला हरकत काय?

गुरुवारी किरकोळ रजा टाकून ते सोलापूरला गेले. तालुक्याच्या कचेरीत उंदरांचं औषध फुकट मिळतं, असं त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं, आणि वर्तमानपत्रात वाचलेलं खरं मानायची त्यांना सवय होती.

"उंदीर शेतातले का घरातले?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"घरातले."

"मग आमच्याकडं नाही. आमची योजना शेतातल्या उंदरांची. घरातले पलीकडच्या टेबलाला."

पलीकडच्या टेबलावरचा गृहस्थ रोगराईचं बघणारा होता. त्यानं आपुलकीनं चौकशी केली. "उंदीर मरून पडतायत का?"

"मरत नाहीत, हीच तर तक्रार आहे."

"मरत नसतील तर आमच्याकडं नाही," तो म्हणाला. "मरायला लागले की या."

मास्तर पुन्हा पहिल्या टेबलाशी आले. ते हार मानायला आलेले नव्हते. उंदीर मूळचे शेतातलेच, ज्वारीच्या पोत्यांबरोबर घरात आले, असं त्यांनी मुद्देसूद मांडलं. कारकुनानं आता पहिल्यांदा मान वर केली. असं असेल तर काम होण्यासारखं होतं. उंदीर मूळचे शेतातले असल्याचा तलाठ्याचा दाखला, त्या शेताचा सातबारा, आणि अर्जावर उंदरांची संख्या. मास्तरांनी बावीस लिहिली. 'नर किती, मादी किती' असा पुढं रकाना होता. मास्तरांना राग आला, पण तो दाखवायला त्यांना तोंड नव्हतं. दर महिन्याला शाळेची असली पत्रकं ते स्वतःच भरून पाठवत. त्यांनी अकरा-अकरा केले. मंजुरी आषाढापर्यंत येईल, असं कारकुनानं सांगितलं.

बाजारात औषध विकत मिळत होतं. दुकानाच्या दारात मास्तर थोडा वेळ उभेही राहिले. पण निघताना नीलम्मानं बजावलं होतं, "अहो, औषधाच्या नावावरूनच एवढं रामायण झालं. आता खरंच घरात औषध आलं आणि अव्वांच्या कानावर गेलं, तर त्या कायमच्याच गेल्या म्हणून समजा." तेव्हा त्यांनी औषध न घेता अव्वाला आवडणारे राजगिऱ्याचे लाडू घेतले. ते द्यायला समोरच्या ओसरीवर जायची हिंमत झाली नाही, म्हणून नीलम्मानं नेऊन दिले. अव्वानं लाडू ठेवून घेतले आणि माफीचं काय झालं ते विचारलं.

शुक्रवारी मडिवाळप्पानं आपण होऊन पिंजरा दिला. आई त्याच्याकडं, बातमी त्यानं पसरवलेली, आणि पिंजराही त्याचाच. मास्तरांना हे फार लागलं, पण पिंजरा त्यांनी घेतला.

"मास्तर, भाकरीला शेंगाचटणी लावून ठिवा," मडिवाळप्पा म्हणाला. "आन् ठिवताना तोंडातनं शब्द काडू नका बगा. लई हुशार जात हाय."

"मडिवाळप्पा, त्यांना काही कळत नसतं."

"व्हय व्हय, तुमी शिकल्याली मानसं. तरी बी बोलू नका."

पिंजरा लावताना मास्तर मुद्दाम मोठ्यानं खाकरले. पण नीलम्माला 'कडी लाव' सांगायची वेळ आली तेव्हा आपण कुजबुजतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि स्वतःचाच राग येऊन ते उगाचच बाहेर जाऊन बसले.

तासाभरात एक सापडला. लिंगायताच्या घरात तो हातानं मारायचा प्रश्नच नव्हता, नेऊन सोडायचा. मास्तर पिंजरा घेऊन ओढ्याकडं निघाले तसा मडिवाळप्पानं दुकानातूनच आवाज दिला, "खूण करा की त्येला. न्हायतर फिरून आला तर तुमाला कळायचं कसं?" सल्ला शास्त्रीय होता, त्यामुळं मास्तरांना तो नाकारता येईना. त्यांनी उत्तरपत्रिका तपासायच्या लाल शाईची दौत आणली आणि उंदराची पाठ रंगवली. मग ओढा ओलांडून, पलीकडच्या बांधावर, गावाकडं पाठ येईल असा धरून सोडला. उंदरानं तिथं बसून मिशा साफ केल्या आणि मास्तरांना वळसा घालून तो ओढ्याकडं गेला.

शनिवारी सकाळी पिंजऱ्यात तोच होता. लाल पाठीचा. त्यानं रात्रभरात सगळी भाकरी संपवलेली होती आणि आता तो झोपला होता. मास्तर पिंजऱ्यासमोर बराच वेळ उकिडवे बसले. त्यांच्या हातची लाल शाई लागूनही इतका निश्चिंत झोपणारा जीव त्यांनी अठरा वर्षांत पाहिला नव्हता.

"पत्ता पाठ हाय की त्येला," मडिवाळप्पानं निदान केलं. मास्तरांनी तिथंच पिंजऱ्याचं दार उघडून दिलं.

त्याच दिवशी मास्तरांनी धुळा धनगराला गाठलं. धुळ्याची मेंढरं गावाबाहेर बसलेली होती आणि त्याच्याकडं एक बोका होता, ज्याच्याविषयी कुत्रीही जपून असत. मास्तरांनी आदल्या दोन दिवसांची हकीकत सांगितली. ती धुळ्याला आधीच माहीत होती.

"न्या की, मास्तर," धुळा म्हणाला. "लई कडू हाय त्यो. दोन दिसांत घर साप करंल. पर त्येला खायाला काय घालनार तुमी?"

"दूध-भाकरी."

धुळ्यानं बोक्याकडं जरा वाईट वाटून पाहिलं.

बोका पोत्यात घालून घरी आणला. त्यानं बाहेर पडून चूल हुंगली, दुरड्या हुंगल्या, नीलम्माचे हात हुंगले. मटणाचा वास त्या घरात पाच पिढ्यांत कुठं लागलेला नव्हता. दूध त्यानं प्यायलं, भाकरी बाजूला ठेवली आणि ज्वारीच्या पोत्यावर चढून तो दुपारभर झोपला. त्याच्या शेपटापासून हातभर अंतरावर लाल उंदीर काहीतरी निवांत कुरतडत होता, हे मास्तरांनी स्वतः पाहिलं. ऊन उतरल्यावर बोका उठला, आळस दिला, रस्ता ओलांडून मडिवाळप्पाच्या ओसरीवर गेला आणि चंद्रव्वाच्या मांडीवर जाऊन बसला. त्याला न्यायला मास्तर गेले, तेव्हा त्यानं फिस्कारून पंजा उगारला. चंद्रव्वानं बोक्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"म्हातारी गेली, आता मांजार बी टिकंना," असं शिंप्यानं म्हटलेलं मास्तरांना त्याच संध्याकाळी ऐकू आलं.

रविवार उजाडला. समोरच्या ओसरीवर गाठोडं बांधून तयार होतं. मास्तरांनी सकाळपासून सहा बिळं शेणमातीनं बुजवली, त्यात बाटल्यांच्या काचा घातल्या, स्वतःचा अंगठा कापून घेतला. दुपारी मोजून पाहिलं तर आठ बिळं उघडी होती.

"अहो," नीलम्मा पोळीचं पीठ मळता मळता म्हणाली, "चार शब्दांचं तर काम आहे. उंदरांना नका म्हणू. कणगीला म्हणताय असं समजा."

"प्रश्न शब्दांचा नाही, तत्त्वाचा आहे."

"तत्त्व उद्या सकाळच्या गाडीनं अक्कलकोटला चाललंय," ती म्हणाली.

मास्तर उठून आत गेले. कागद घेतला, समास आखला आणि सवयीप्रमाणं वर 'विषय' लिहिला: मंगळवार रोजी काढलेल्या अनुचित उद्गारांबाबत दिलगिरी. अर्धा मजकूर झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे मराठीत आहे. ते कानडीत करायला घेतलं आणि तिथं मात्र ते अडकले. कानडीत शिव्या येत होत्या, म्हशीला हाक मारता येत होती, शंभरपर्यंत मोजता येत होतं. पण चुकलं, राग धरू नका, हे कसं म्हणायचं ते आठवेना. आपल्याच घरातल्या आपल्याच बोलीत त्यांना गोड बोलायला शब्द नव्हते. मास्तरांना याची लाज वाटली. इतकी लाज त्यांना गावानं चार दिवसांत आणली नव्हती.

"काय म्हणायचं असतं गं?" त्यांनी चुलीजवळ येऊन हळूच विचारलं.

"तप्पायतरी म्हणा. चूक झाली हो, असं."

"उंदरांना अहो-जाहो करायचं?"

"माफी मागायची तर मान द्यावाच लागतो," नीलम्मा म्हणाली, आणि पीठ झाकून मुलांना घेऊन देवळात गेली.

दिवे लागायच्या सुमाराला मास्तरांनी पुढचं दार आतून लावलं. माळ्यावरही नजर टाकली, कुणी माणूस नाही ना म्हणून. मग कणगीपुढच्या पोत्यावर बसून त्यांनी हात जोडले, परत सोडले, परत जोडले.

"तप्पायतरी," ते कणगीला म्हणाले.

आत खसफस झाली आणि थांबली. मास्तर घसा साफ करून पुढं बोलू लागले, आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण एका शब्दामागून दुसरा आपोआप यायला लागला. लहानपणी अव्वा ज्या शब्दांनी समजूत काढायची तेच शब्द येत होते, तशाच लांबवलेल्या सुरात.

"मी रागात बोललो. तसं बोलायला नको होतं. तुम्ही या घरात माझ्याआधीचे. अव्वा दिवसभर इथं काम करताना बोलत राहते, ते तुम्ही ऐकता. मी कधी ऐकलं नाही. मी तिच्याशी तिच्या बोलीत बोललो तो फक्त ओरडायला. पंधरा वर्षं झाली. लुगडं तुम्ही नाही फाडलं, ते माझ्यामुळं गेलं. उद्या चन्नप्पा येईल आणि तिला घेऊन जाईल. ती गेली तर मी या घरात काय करू? तुम्ही राहा हवं तर. सगळे राहा. पण तिला परत येऊ द्या."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि वळून पाहिलं.

मागच्या दारात चंद्रव्वा उभी होती. अक्कलकोटला जायचं तर विभूतीची डबी पाहिजे, म्हणून ती न्यायला आली होती. डबी तिच्या हातात होती, पण ती निघाली नव्हती.

मास्तर पोत्यावरून उठले. आता मराठीत बोलावं की कानडीत, हे त्यांना कळेना. तोंडातून कानडीच आली. "अव्वा, त्यांनी ऐकलं असेल?"

"त्यांचं मला काय ठाऊक, गुऱ्या," चंद्रव्वा म्हणाली. "मी ऐकलं."

तिनं विभूतीची डबी परत देवळीत ठेवली. पदरानं त्यांचं तोंड पुसलं, कापलेला अंगठा उजेडाला धरून पाहिला, आणि त्यांच्या शेजारी पोत्यावर टेकली. कणगीत पुन्हा खसफस सुरू झाली. माळ्यावरून काहीतरी धावत गेलं. लाल पाठीचा उंदीर कणगीच्या कडेवर आला, दोघांकडं बघून आत गेला.

चंद्रव्वानं कणगीकडं पाहिलं, माळ्याकडं पाहिलं. मग तिनं मास्तरांचा कान धरून त्यांना जवळ ओढलं, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा, अगदी हलक्या आवाजात, मराठीत बोलली.

"रातच्या गाडीला कंडक्टरकडं निरोप धाड," ती म्हणाली. "चन्नप्पाला म्हनावं, उद्या येतूयासच तर येताना चांगल्यापैकी औशद घिऊन ये. आन् हळू बोल. ह्यास्नी कळंल."